शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?

(दृश्य: पाटण तालुका, पहाट. कुलूप लागलेल्या घरांची ओळ, मधल्या एकाच घरातून धूर.)

पाटणच्या डोंगरातल्या कितीतरी घरांतली मुलं मुंबईला आहेत. कुणी माथाडी, कुणी कंपनीत, कुणी रिक्षावर. यात्रेला आणि गणपतीला घरं भरतात, चार दिवसांनी पुन्हा रिकामी होतात. मागे राहतात सत्तरी-ऐंशीतले आईवडील. त्यातही पुष्कळ जण एकटे.

अशा घरात एखाद्या सकाळी आजीचा उजवा हात उचलत नाही. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द फुटत नाही. शेजारी म्हणतात, "अंगावरनं वारं गेलं." दवाखान्यात त्यालाच स्ट्रोक म्हणतात. बहुतेक वेळा मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, काही वेळा रक्तवाहिनी फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपचार मात्र एकमेकांच्या उलट. म्हणून सिटी स्कॅन झाल्याशिवाय डॉक्टर हात घालत नाहीत.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास मोजायचे ते आजारी माणसाला शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून. आजी रात्री नऊला निजली आणि सकाळी सहाला सापडली, तर हिशेबात नऊ तास गेले. पण शेजारणीने पहाटे चारला तिला अंगणात पाणी तापवताना पाहिलं असेल, दोन शब्द बोलणं झालं असेल, तर गेलेले तास दोनच. कराड गाठायला वेळ आहे. मुंबईतल्या मुलाला हे ठाऊक नसतं, शेजारणीला ठाऊक असतं. म्हणून 108 च्या गाडीत तिला बसवा, निदान तिचा फोन नंबर सोबत द्या. इतकी साधी गोष्ट कुणी सांगत नाही, आणि तिच्यावाचून उपचार हुकतो.

(दृश्य: कोयनेच्या काठाने कराडकडे धावणारी रुग्णवाहिका.)

वेळेत पोचल्यावरही एक वाक्य आडवं येतं. "आता वय झालं, कशाला त्रास देताय?" कधी नातेवाईक म्हणतात, कधी दवाखान्यातूनच सुचवलं जातं. या वाक्यामागे थोडा संशोधनाचाही इतिहास आहे. 2008 साली ज्या युरोपीय चाचणीने इंजेक्शनची मुदत तीन तासांवरून साडेचार तासांवर नेली, तिच्यात 80 च्या वरचे रुग्ण घेतलेच नव्हते. ज्यांच्यावर तपासलं नाही, त्यांना द्यायला डॉक्टर कचरले. चाचणीबाहेर राहिलेली म्हातारी माणसं उपचाराबाहेरही राहिली.

ते कोडं 2012 मध्ये सुटू लागलं. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आयएसटी-3 या चाचणीत 3,035 रुग्ण होते आणि निम्म्याहून अधिक 80 च्या पुढचे. 2014 मध्ये नऊ चाचण्यांमधल्या 6,756 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. निष्कर्ष असा, की वेळेत दिलेल्या इंजेक्शनचा फायदा म्हाताऱ्यांनाही होतो. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा आहे, तो डॉक्टरांनी घरच्यांना समजावून सांगायलाच हवा. पण नुसता जन्मसाल बघून नकार देणं हा अन्याय आहे, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

(दृश्य: वॉर्ड. परिचारिका रुग्णाच्या उशाशी.)

चांगले उपचार म्हटलं की आपल्याला मोठी मशिनं आठवतात. इथे ऑस्ट्रेलियातलं एक संशोधन फार मोलाचं आहे. न्यू साउथ वेल्समधल्या 19 स्ट्रोक विभागांपैकी काहींत परिचारिकांना तीन गोष्टी नेमाने करायला शिकवल्या. पहिले तीन दिवस ताप बघायचा आणि उतरवायचा, रक्तातली साखर आवरायची, आणि गिळता येतं का हे तपासल्याशिवाय तोंडाने काही द्यायचं नाही. 2011 मध्ये निकाल आला. नव्वद दिवसांनी मरण पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण इतर विभागांत 58 टक्के होते, या विभागांत 42 टक्के. थर्मामीटर, साखरेची पट्टी आणि शिकलेली परिचारिका, हे साताऱ्यातल्या कुठल्याही रुग्णालयाला परवडतं.

गिळण्याची गोष्ट घरीही तितकीच खरी. वारं गेलेल्या माणसाच्या तोंडात कुणीतरी मायेने घोटभर चहा ओततं. तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि मग न्यूमोनिया. चहा नाही, पाणी नाही, गोळीसुद्धा नाही. रक्तदाबाची नेहमीचीही नाही. आधी गाडी.

दवाखान्यातून घरी आल्यावर सगळा भार सुनेवर किंवा म्हाताऱ्या जोडीदारावर पडतो. "घरीच व्यायाम करून घ्या," असं सांगून पाठवतात. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर नेमकं हेच तपासलं गेलं. घरच्यांना व्यायाम शिकवून फरक पडतो का? 2017 चं उत्तर होतं, नाही. सहा महिन्यांनी, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या अशा दोन्ही गटांत 47 टक्के रुग्ण मरण पावलेले किंवा परावलंबी होते. सुनेच्या मायेत किंवा कष्टात काही कमी होतं असा याचा अर्थ नाही. जे काम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचं, ते तिच्या गळ्यात घालून भागत नाही. पाटणच्या डोंगरातून अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला एसटीने कराडला नेणं-आणणं हे त्या घराच्या आवाक्याबाहेरचं आहे. फिजिओथेरपिस्टने ठरल्या वारी प्राथमिक आरोग्य केंद्रात यायला हवं, आणि ही मागणी ग्रामसभेत करता येते.