रोग टाकीत, इलाज नोझलला

(दृश्य: सोलापूर रस्ता, हडपसरच्या पुढचं गॅरेज. ओळीने उभे जुने ट्रक, चाकांना वाळलेला चिखल.)

सप्टेंबर संपत आला की या रस्त्यावरच्या गॅरेजांत गर्दी होते. यातले बरेच ट्रक उसाचे. दौंड, बारामती, इंदापूरकडचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर उरकला, तेव्हापासून ते बांधाला उभे होते. अख्खा पावसाळा अंगावर घेऊन. आता दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटतील, त्याआधी गाडी धावती हवी.

तक्रार बहुतेकांची सारखीच. रिकामी गाडी बरी पळते. माल भरून दिवे घाटाला लागली की दम सोडते. पाय पूर्ण दाबला तरी उठत नाही, मिसिंग मारते, म्हणजे मधूनमधून ठोका चुकते, आणि चढावरच बंद पडते.

"मिस्त्री, डिझेलचा पंप उतरवा. पंपच गेलाय."
"उतरवू की मालक. आधी टाकीखाली बाटली धरू."

(दृश्य: टाकीच्या तळाचा नट सैल होतो. काचेच्या बाटलीत गढूळ धार.)

ही बाटली पंधरा-वीस मिनिटं हलवायची नाही. मग बघा: वर डिझेल, खाली पाणी आणि दोघांच्या सांध्यावर काळपट, बुळबुळीत पापुद्रा. लिटरभर डिझेलचं वजन साधारण 830 ग्रॅम, पाण्याचं 1,000. म्हणून पाणी तळ गाठतं. आणि इंजिनाकडे डिझेल ओढणारी नळीसुद्धा तळाजवळच तोंड उघडून बसलेली असते.

पाणी आलं कुठून? पहिला संशय पेट्रोलपंपावर. लोणी काळभोरच्या डेपोपासून पंपाच्या जमिनीखालच्या टाकीपर्यंत कुठेही पाणी शिरू शकतं, नाही असं नाही. पण महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत ते बहुतेक वेळा टाकीतच तयार होतं. अर्धी टाकी रिकामी, म्हणजे अर्धी हवेने भरलेली. दिवसा तापते, हवा बाहेर जाते. रात्री गार होते, पावसाळी दमट हवा आत येते आणि पत्र्याला दव धरतं. रोजचे चार थेंब. झाकणाचा रबर कडक झाला असेल तर वरून पाऊसही. शिवाय डिझेलमध्ये 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला मानकाची परवानगी आहे, आणि बायोडिझेल पाणी जास्त धरून ठेवतं.

तो काळा पापुद्रा निव्वळ माती नाही. त्यात जीव आहे. बुरशी आणि जिवाणू पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. त्यातल्या एका बुरशीचं नाव हॉर्मोकोनिस रेझिनी. ती जेट विमानांच्या टाक्यांतही सापडते. या मंडळींच्या पोटातून आम्लं निघतात, पत्रा गंजतो, गंजाची पूड त्याच चिकट गाळात मिसळते. लोडवर इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते आणि गाळ उठून जाळीवर, फिल्टरवर बसतो. घाटातच दम का जातो, त्याचं उत्तर हे.

(दृश्य: कामाच्या टेबलावर उघडलेला मायको कंपनीचा पंप, इंजिनाला दाबाने डिझेल पोचवणारा. प्लंजर आणि बॅरल जवळून.)

पंप खरंच गेला असता तर? हा प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दांडा, आणि हा बॅरल, म्हणजे तो ज्यात सरकतो ती नळी. यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या घरातला. इथे वंगण म्हणून वेगळं ऑइल नाही, डिझेलच वंगण. त्या जागी पाणी आलं की धातूवर धातू घासतो, चरे पडतात. पाण्याचा थेंब इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या तापलेल्या टोकाशी पोचला तर क्षणात वाफ होतो आणि टोक खराब करतो. म्हणजे पंप-नोझल दुरुस्त करून त्याच टाकीला जोडले, तर खर्च केलेले पैसे पुढच्या घाटात गेले म्हणून समजा. तरी बहुतेक भांडण पंपावरूनच होतं, कारण टाकी उतरवणं हे घाणीचं, अंगमेहनतीचं काम आहे.

(दृश्य: पट्टे सोडून टाकी खाली येते.)

टाकी उतरली. डिझेल दाखवणाऱ्या काट्याचा फ्लोट आणि ओढनळी काढली. नळीच्या टोकाची जाळी बघा, निम्मी बुजलेली. टाकीत आडव्या पडद्या असतात, गाळ त्यांच्यामागे दडतो. म्हणून नुसतं हिसळून भागत नाही. थोडं स्वच्छ डिझेल घालायचं, टाकी सगळ्या कुशींवर लोळवायची, ओतायचं, परत घालायचं, धार स्वच्छ येईपर्यंत. काही जण पेट्रोलने धुतात. ते अजिबात नको, एक ठिणगी पुरते. भोक पडलंय म्हणून रिकाम्या टाकीला थेट वेल्डिंग लावणं त्याहून वाईट. रिकाम्या टाकीतली वाफच भडका घेते.

मग पाइप. दोन्ही टोकं सोडून हवेचा झोत टाकीच्या दिशेने मारायचा, पुढच्या पंपाकडे नाही. परतीची लाइनही सोडू नका. जास्तीचं डिझेल तिच्यातूनच टाकीत येतं. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची जाळी धुतली. कापडी फिल्टर, कागदी फिल्टर, दोन्ही नवे. तांब्याचे वायसरही नवे, नाहीतर लाइन हवा पकडते.

बाजारात टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटल्या मिळतात. जंतू त्याने मरतात, पण मेलेला गाळ टाकीतच राहतो आणि फिल्टर तितकाच बुजवतो. धुतलेल्या टाकीत औषध ठीक; धुण्याऐवजी नाही.

(दृश्य: हाताने प्रायमर, म्हणजे छोटा हातपंप, मारला जातोय. फिल्टरच्या स्क्रूमधून फेस.)

आता लाइनमधली हवा काढणं. फिल्टरचा स्क्रू सैल, हातपंप चालू. फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू आवळला. तसंच मोठ्या पंपावर. शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट थोडे ढिले करून सेल्फ. नवशिका इथे घाई करतो आणि बॅटरी संपवतो. हे सगळं जुन्या पंपाच्या गाड्यांचं. नव्या कॉमन रेलच्या गाडीत, जिथे सगळ्या नोझलना एकाच दाबनळीतून डिझेल मिळतं, दाब हजार बारच्या वर जातो. तिथे चालू इंजिनावर नट सोडायचा नाही.

नोझल टेस्टरवर तपासले. 200 बारच्या आसपास उघडून धुकं फवारलं तर चांगला, धार सोडली किंवा टोकाशी ठिबकला तर बाद. फवाऱ्यासमोर बोट धरू नका. डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठावं लागतं.

गाळलेलं घाण डिझेल ड्रममध्ये जातं, नाल्यात नाही. आणि नवे फिल्टर पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा उघडायचे, कारण पाइपात चिकटून राहिलेलं आता सुटून येतं.

(दृश्य: दिवे घाट. भरलेला ट्रक चढतोय.)

मालकाला मिस्त्रीने पुढच्या वर्षीसाठी सांगितलंय: हंगाम संपला की टाकी काठोकाठ भरून उभी करा, हवेला जागाच ठेवू नका. मालकाला ते पटलेलं नाही. सहा महिने एवढ्या पैशांचं डिझेल अडकवायचं, आणि बांधावरून कुणी काढून नेलं तर?

"मग दर पंधरवड्याला तळाचा नट सैल करा," मिस्त्री म्हणतो, "पाणी येईल तेवढं येऊ द्या, डिझेल लागलं की आवळा."