उंच केलेल्या पिकअपला टायर कोणता?

मित्रहो, आजचा विषय टायरचा असला, तरी मी सुरुवात करणार आहे ती चाकाच्या वर दिसणाऱ्या पोकळीपासून. पिकअप दोन-अडीच इंच उंच करून घेतली, की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात सहज आत जाईल एवढी जागा दिसू लागते आणि ती पाहून मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की आता येथे मोठा टायर बसेल. हा विचार उभ्या गाडीकडे पाहून केलेला असतो. चालत्या गाडीचे चाक खड्ड्यात आपटते तेव्हा सस्पेन्शन दाबले जाते आणि चाक वर जाते ते थेट बम्पस्टॉपला, म्हणजे सस्पेन्शनला आणखी दबू न देणाऱ्या रबरी अडथळ्याला, टेकेपर्यंत. स्प्रिंगवर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, टाकून गाडी उंच केली असेल आणि बम्पस्टॉप मात्र होता तेथेच असेल, तर चाकाला वर जायला मिळणारी शेवटची जागा मूळ गाडीत होती तेवढीच राहिलेली असते. बॉडी लिफ्टचे तसे नाही. तेथे चासीवरून बॉडीच उचललेली असल्यामुळे मडगार्डखाली खरोखर जागा मिळते. मात्र चासी आणि ॲक्सल जमिनीपासून पूर्वीच्याच उंचीवर राहतात.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की टायरचा आकार लिफ्टच्या इंचांवरून ठरवू नये, तर पूर्ण दाबलेल्या आणि पूर्ण वळलेल्या चाकाला किती जागा उरते, यावरून ठरवावा. पुढचे एक चाक भक्कम उंचवट्यावर चढवून त्या बाजूचे सस्पेन्शन दाबून घ्यावे, हँडब्रेक ओढावा, मागची चाके दगड किंवा लाकूड लावून अडवावीत, आणि मग स्टीअरिंग आधी एका बाजूला, नंतर दुसऱ्या बाजूला शेवटपर्यंत फिरवून तीन ठिकाणची फट मोजावी: मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकपाशी, मागच्या बाजूला बॉडी ज्या ब्रॅकेटवर चासीला बोल्टने बसवलेली असते तेथे, आणि आतल्या अंगाला वरच्या कंट्रोल आर्मजवळ, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्याजवळ. आताच्या टायरला जी फट मिळते, तिच्यातून नव्या टायरची वाढीव त्रिज्या आणि निम्मी वाढीव रुंदी वजा केली, की उत्तर हातात येते. माझ्याकडून हे एकदा राहून गेले होते. सपाट जमिनीवर सारे ठीक वाटले, पण मागे सामान भरून उताराच्या पहिल्याच तीव्र वळणावर करवतीसारखा आवाज आला. उतरून पाहिले, तर टायरच्या खांद्यावरचे ठोकळे घासून चकाकत होते आणि प्लॅस्टिकच्या आवरणाचा काळा भुसा मडफ्लॅपवर साचला होता.

येथे रिमचा मुद्दा ओघाने येतो. आतला भाग घासतो म्हणून बाहेर येणारी, म्हणजे कमी ऑफसेटची रिम लावली, तर टायर कंट्रोल आर्मपासून दूर जातो हे खरे. पण स्टीअरिंग फिरवताना तोच टायर पूर्वीपेक्षा मोठ्या कमानीत फिरतो आणि मडगार्डच्या मागच्या कडेला जाऊन भिडतो. बेअरिंगवरचा ताणही त्यामुळे वाढतो. रिम बाहेर काढून जागेचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त आतून बाहेर सरकतो.

आता आकड्यांकडे वळू. पिकअपला अनेकदा मुळात २६५/६५ आर १७ हा टायर असतो. २६५ मिलीमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के साइडवॉलची उंची आणि १७ इंची रिम, असा हिशेब केला की व्यास सुमारे ७७६ मिलीमीटर येतो. उंच केलेल्या गाडीसाठी बहुतेकांची नजर ज्याच्यावर असते त्या २८५/७० आर १७ चा व्यास सुमारे ८३१ मिलीमीटर, म्हणजे तेहतीस इंचांना थोडा कमी भरतो. फरक ५५ मिलीमीटरचा झाला. परंतु ॲक्सल जमिनीपासून वर उचलला जातो तो या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे २७ मिलीमीटरने. हे निम्मे मोठे मोलाचे आहे, कारण सस्पेन्शनची लिफ्ट चासी वर नेते, पण सलग ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा जमिनीपासून वर नेण्याचे काम टायरच करतो. मोठ्या टायरच्या बाजूने मला पटणारा मुख्य युक्तिवाद हाच आहे. बाकीचे बरेचसे युक्तिवाद दिसण्यासंबंधीचे असतात आणि त्यांना माझी हरकत नाही, फक्त त्यांना उपयोगाचे नाव देऊ नये.

या वाढीची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. व्यास ७ टक्क्यांनी वाढला, की मूळ टायरवर अचूक असलेला स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०७ च्या वेगाने धावत असते आणि किलोमीटरची नोंद तेवढीच कमी पडते. गिअरचेही तसेच आहे. ॲक्सलमधल्या गिअरचे प्रमाण ३.७३ असेल, तर मोठ्या टायरवर गाडी ३.४९ च्या प्रमाणाने चालल्यासारखी वागते. चढावर दम लागतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वारंवार खालचा गिअर घेतो आणि इंधन जास्त लागते. त्यातच वजनाची भर पडते. प्रवासी गाडीच्या बांधणीचा टायर सतरा-अठरा किलोंचा असेल, तर जड लाइट ट्रक बांधणीचा टायर पंचवीस किलोंच्या घरात जातो, आणि हे वजन चासीवर ठेवलेल्या गोणीसारखे स्थिर नसते. चाकाबरोबर ते फिरवावे लागते, ब्रेक लावून थांबवावे लागते आणि प्रत्येक खड्ड्यात शॉक ॲब्सॉर्बरला आवरावे लागते. म्हणून ज्यांचे काम भागते त्यांनी २६५/७० आर १७ वर थांबावे, असे मी सुचवतो. त्याचा व्यास सुमारे ८०३ मिलीमीटर आहे आणि अनेक गाड्यांमध्ये तो कापाकापी न करता बसतो.

आकारानंतर प्रश्न येतो तो बांधणीचा, आणि दुकानात सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. आकारापुढे ‘एलटी’ लिहिले असेल तर तो लाइट ट्रकसाठीचा टायर होय. त्याच्यावर लोड रेंजचे अक्षर असते: सी म्हणजे सहा प्लाय (थर), डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. हे थर आज मोजून सापडणारे नाहीत. जुन्या सुती थरांच्या तुलनेत टायर किती ताकदीचा आहे, एवढेच ते सांगतात. त्या ताकदीसाठी सी टायर ५० पौंडांपर्यंत, तर ई टायर ८० पौंडांपर्यंत हवेचा दाब घेतो. लोड इंडेक्सचा आकडा याहून नेमका असतो. ११६ म्हणजे एका टायरवर १,२५० किलो, १२१ म्हणजे १,४५० किलो, आणि तेही पूर्ण दाबाला. मागे कॅम्पर बसवणारा, जड ट्रेलर ओढणारा किंवा धारदार दगडांतून नेहमी जाणारा मालक ई घेईल तर ते योग्यच आहे. मात्र रिकामी पिकअप रोज डांबरी रस्त्यावर चालवणाऱ्याने केवळ ‘मजबूत’ या शब्दासाठी ई घेतला, तर तो टायर रस्त्यावरचा प्रत्येक जोड आणि प्रत्येक खाच त्याच्या पाठीला सांगत राहील. अशांसाठी त्याच आकारात सी मिळत असल्यास तो मागून घ्यावा. विक्रेता आपणहून तो दाखवेलच असे नाही.

नक्षीबद्दल तुलनेने थोडे बोलतो, कारण तिच्याकडे सगळेच पाहतात. ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर, हा मुळातच समझोता आहे. ठोकळ्यांमधली मोकळी जागा जेवढी जास्त, तेवढा चिखल लवकर झटकला जातो. पण तेवढेच कमी रबर ओल्या डांबराला टेकते आणि आवाजही वाढतो. ठोकळ्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरा ओल्या रस्त्यावर आणि बर्फावर पकड देतात. त्या चिरा किती खोल आहेत हे नख घालून पाहावे, कारण काही टायरांमध्ये त्या अर्ध्यातच संपतात आणि नक्षी निम्मी झिजली की टायर पावसात घसरू लागतो. बर्फाच्या प्रदेशात गाडी चालवायची असेल, तर ‘एम अधिक एस’ (चिखल आणि बर्फ) या अक्षरांवर विसंबू नये. ती उत्पादकाने स्वतः केलेली घोषणा असते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण काढलेले चिन्ह मात्र दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते, अर्थात गुळगुळीत गोठलेल्या रस्त्याबद्दल तेही काही सांगत नाही.

टायर बसवला की काम संपत नाही. जुन्या टायरसाठी दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब नव्या बांधणीला लागू पडेलच असे नाही; एलटी टायरला तेवढेच वजन पेलायला सहसा थोडी जास्त हवा लागते. कोणत्या दाबाला टायर किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या भाराच्या तक्त्यावरून किमान दाब काढावा, त्याखाली रस्त्यावर कधीही जाऊ नये, आणि मग खडूने तपासणी करावी. टायरच्या रुंदीवर आडवी जाड रेघ ओढावी आणि सपाट, कोरड्या रस्त्यावर थोडे अंतर सरळ गाडी न्यावी. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त आहे. दोन्ही कडांना पुसली गेली तर कमी आहे. एकाच कडेला पुसली गेली तर दोष हवेचा नाही, अलाइनमेंटचा आहे. उंच केलेल्या गाडीत हा तिसरा निकाल फार वेळा येतो, कारण लिफ्टमुळे पुढच्या चाकांचे कोन बदलतात. ते दुरुस्त न करता नवे टायर चढवले, तर काही हजार किलोमीटरांत टायर एका बाजूने खाल्ले जातात आणि दोष बिचाऱ्या रबरावर येतो.

खरेदी चारची नव्हे, पाचची करावी. फोर व्हील लावलेल्या गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचे असले, तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे फेरे जुळत नाहीत आणि तो ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर, येतो; पंक्चर तर नेमके आडबाजूलाच होते. पाचही टायरांच्या साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक वाचून घ्यावेत. २३२५ असेल तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला असतो. आणि दुकानातून निघण्यापूर्वी, पैसे देण्याच्याही आधी, पाचवा टायर हौद्याखाली स्टेपनीच्या जागी चढवून पाहावा. तेहतीस इंची टायर अनेक गाड्यांत तेथे मागच्या बम्परला किंवा सायलेन्सरच्या पाइपला अडतो, आणि मग तो हौद्यात ठेवावा लागतो, जेथे सामान ठेवण्यासाठी आपण पिकअप घेतलेली असते.