विहिरीतलं पाणी, ओढ्याचा हिशेब

(भूशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पाण्याचं संगणकी मॉडेल करायचं म्हटलं की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा येतो, म्हणून तो आधी उरकून टाकू. भूजलासाठी मॉडफ्लो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं ते १९८०च्या दशकात बाहेर काढलं आणि आजही ते फुकट मिळतं. नदी-नाल्यांसाठी स्वॅट किंवा एचईसी-एचएमएस, तीही फुकट. कुठलं बटण कशाला, हे एका सुट्टीत शिकून होतं.

वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. आपल्याकडे नदी स्थापत्यवाल्यांची आणि विहीर भूशास्त्रवाल्यांची, अशी जुनी वाटणी आहे. एकजण पावसातून वाहून जाणारं पाणी काढतो आणि उरलेलं ‘मुरलं’ म्हणून सोडून देतो. दुसरा त्या मुरलेल्या पाण्यापासून सुरुवात करतो, आणि ते ओढ्यात पाझरलं की त्याचा विषय संपतो.

अमेरिकी भूजलतज्ज्ञ चार्ल्स थाइस यांचं नाव तुम्ही ऐकलंय ते १९३५च्या समीकरणामुळे. पंपिंग टेस्टचा, म्हणजे उपसताना पातळी कशी उतरते त्या चाचणीचा, प्रत्येक आलेख तिथंच जातो. माझ्या मते त्यांचा १९४०चा छोटा लेख जास्त मोलाचा. विहिरीतून उपसलेलं पाणी येतं कुठून, एवढाच त्यातला प्रश्न. उत्तरं तीनच: जमिनीतला साठा घटतो, पुनर्भरण (मुरून त्या साठ्यात येणारं पाणी) वाढतं, किंवा जमिनीतून बाहेर पडणारं पाणी कमी होतं. सुरुवातीला सगळं साठ्यातून येतं, आणि उपसा चालू राहिला की भार हळूहळू इतर दोघांवर, बहुतेकदा ओढ्यावर सरकतो. ‘पुनर्भरणापेक्षा उपसा कमी, म्हणजे सगळं ठीक’ हा हिशेब म्हणून अपुरा आहे. विहिरी नव्हत्या तेव्हाही ते पुनर्भरण कुठंतरी जातच होतं ना?

आता आपला खडक बघा. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा. फ्रेंच अभियंता डार्सी यांनी १८५६ मध्ये पाणी झिरपण्याचा आपला नियम मांडला तो वाळू भरलेल्या नळकांड्यावरच्या प्रयोगांतून, आणि पाठ्यपुस्तकातला जलधर (पाणी धरणारा थर) अजूनही त्या वाळूसारखाच, सगळीकडे एकसारखा असतो. आपल्याकडे वर मुरूम, खाली कुठं मांजऱ्या (भोकाभोकांचा बेसाल्ट) तर कुठं काळा पाषाण, मधेच तांबडा मातकट थर. पाणी राहतं भेगांत आणि सांध्यांत. अशा खडकाचा स्पेसिफिक यील्ड, म्हणजे त्याच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी त्यातून निथळतं तो आकडा, साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरला तर १०० मिलिमीटर पाणी मुरल्यावर पातळी ५ मीटर चढते. तेच पाणी नदीकाठच्या वाळूच्या गाळात मुरलं आणि तिथं १६ टक्के धरले, तर पातळी ६० सेंटिमीटरच्या जरा वर चढेल. आपल्या विहिरी सप्टेंबरात तुडुंब आणि एप्रिलात कोरड्या दिसतात, त्यात या आकड्याचा मोठा हात आहे. (जलसंधारणाच्या बातमीत ‘पातळी ३ मीटरने वाढली’ असं वाचलं की मी आधी खडक कोणता ते विचारतो.)

मॉडेलमध्ये हा घोळ कसा शिरतो बघा. तुमच्याकडे वीस विहिरींच्या पातळ्या आहेत. स्थिर अवस्थेत (पातळ्या काळानुसार बदलत नसताना), नदीची पातळी ठरलेली असेल तर, विहिरींच्या पातळ्या पुनर्भरण आणि ट्रान्समिसिव्हिटी (अख्खा थर पाणी किती सहज वाहू देतो त्याचं माप) यांच्या गुणोत्तरावर ठरतात. दोन्ही दुप्पट करा, पातळ्या जशाच्या तशा येतील. मोजलेली पातळी विरुद्ध मॉडेलची पातळी अशा आलेखावरचे ठिपके तिरक्या रेषेवर छान बसतात, परीक्षक खूश होतात, आणि एका मॉडेलमधलं फिरतं पाणी दुसऱ्याच्या दुप्पट असतं! आणखी वीस विहिरी मोजल्या तरी हा गुंता सुटत नाही. पाऊस थांबून तीन-चार महिने झाल्यावर ओढ्यात जे वाहतं ते मुख्यतः जमिनीतून आलेलं असतं. वरच्या अंगाला किती उपसा होतो आणि कालव्याचं पाणी किती पाझरतं हे धरून तो प्रवाह मोजला, की दोनपैकी एक मॉडेल बाद होतं.

नदीवाल्यांनी हसू नये. कर्व्ह नंबर, म्हणजे जमिनीवरून पाऊस किती वाहून जाईल ते ठरवणारा आकडा, ८० घ्या आणि मूळ अमेरिकी सूत्र लावा. दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर वाहून जातं साधारण १४ मिलिमीटर. १०० पडला तर ५०. पाऊस दुप्पट, प्रवाह साडेतीनपट. पर्जन्यमापक दुसऱ्या गावात असेल आणि सर तुमच्याच डोंगरावर पडली असेल, तर दशांश चिन्हापुढचे आकडे शोभेचे. शिवाय न वाहिलेला सगळा पाऊस भूजलात जात नाही. आधी माती आपला वाटा घेते, मग पीक घेतं.

विषय निवडताना संख्यात्मक पद्धती तुम्ही घ्यालच, संख्याशास्त्र टाळाल, टाळू नका. प्रबंधाला लहान पाणलोट घ्या, पायी फिरून होईल एवढं. सरकारी निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षाला चार असतील, तर पावसाळ्यातली सर्वांत वरची पातळी त्यांत सापडेलच असं नाही. तेव्हा दोन-तीन विहिरींत दर आठवड्याला स्वतः टेप सोडा, आणि लाइट कधी असते ते शेतकऱ्याला विचारून घ्या, कारण चालू पंपाजवळ घेतलेली पातळी मॉडेलला काही उपयोगाची नाही. ओढ्यावर व्ही आकाराच्या खाचेचा छोटा बांध घालायचा असेल तर ग्रामपंचायतीकडे उन्हाळ्यातच जा. पावसाळा ओसरेल तेव्हा मोजणी सुरू व्हायला हवी.