सफरचंदाच्या मुळांतून आलेली गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

अमुक वनस्पती टाइप २ मधुमेहावर गुणकारी आहे असे कोणी सांगितले, की मी प्रथम विचारते: तिच्यातील कोणता घटक, किती प्रमाणात, आणि तो शरीरात जाऊन नेमके काय करतो? या प्रश्नाचे उत्तर मिळायला किती काळ लागू शकतो, त्याची माझी आवडती हकिकत आज सांगते.

१८३५ साली युरोपातील रसायनतज्ज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा केला. त्याचे नाव फ्लोरिझिन. त्याची चव तापावर दिल्या जाणाऱ्या सिंकोना झाडाच्या सालीसारखी कडू असल्यामुळे तो तापावर चालेल, अशी अपेक्षा होती. पुढे १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग या जर्मन वैद्यांनी तो कुत्र्यांना दिला, तेव्हा त्यांच्या लघवीतून भरपूर साखर जाऊ लागली. मात्र रक्तातील साखर वाढलेली नव्हती. लघवीत साखर, पण रक्तात वाढ नाही, हे कृपया ध्यानात ठेवा. अनेक दशके हा पदार्थ प्राण्यांमध्ये मधुमेहासारखी स्थिती निर्माण करण्यासाठी वापरला गेला. उपचार हाताशी होता आणि त्याच्याकडे रोगाचे कारण म्हणून पाहिले जात होते, याचे मला आजही वाईट वाटते.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात. फ्लोरिझिन ही परतीची वाट अडवते, म्हणून लघवीत साखर दिसते, पण रक्तात वाढ होत नाही. १९८७ मध्ये मधुमेही उंदरांना ते दिल्यावर त्यांची रक्तशर्करा पूर्वपदावर आली. तरीही ते तोंडावाटे देण्यात अर्थ नव्हता, कारण आतड्यातच त्याचे विघटन होते. म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्याची रचना बदलली आणि त्याच वाटेवरचे डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहावरील औषध २०१२ साली युरोपात मान्य झाले. सालीपासून गोळीपर्यंत १७७ वर्षे गेली.

मेटफॉर्मिन या मधुमेहावरील दुसऱ्या औषधाचे मूळही असेच वनस्पतीत सापडते. गॅलेगा या वनस्पतीतील गॅलेजिन साखर उतरवत असे, पण विषारी होते. त्याच्याशी नाते सांगणारे मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी रुग्णांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतील २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांमध्ये या औषधाने मधुमेह होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले, तर आहार, व्यायाम आणि वजन घटवणे यांमुळे ५८ टक्क्यांनी.

बाटलीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द ठळक आणि घटकाचे प्रमाण मात्र कुठेच नाही, असे काही विकू देऊच नये, असे माझे ठाम मत आहे. आपण वनस्पतीचा अर्क घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी तेही आवर्जून सांगा, कारण ती काही दिवस आधी थांबवावी लागते.