गरम पाण्यातला गंज

श्रोतेहो, नमस्कार.

पाणी जितकं गरम, तितकं लोखंड लवकर गंजतं, असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. उघड्या टाकीत साध्या कार्बन स्टीलचा तुकडा ठेवून पाणी तापवत न्या. साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत गंजण्याचा वेग चढतो आणि पुढे चक्क उतरायला लागतो! गंजायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो ना. २५ अंशांना तो लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम असतो आणि उकळताना जवळजवळ सगळा निघून जातो.

हेच पाणी बंद नळीत तापलं, तर ऑक्सिजनला पळवाट नाही. उलट उष्णतेमुळे तो धातूपर्यंत झपाट्याने पोचतो. तो संपला, की गंजही मंदावतो. म्हणून बंद यंत्रणेत फिरणारं पाणी काळपट दिसलं की लगेच बदलायचं, ही हौस मला तरी परवडणारी वाटत नाही. ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत येतो. गळती असेल आणि रोज भर घालावी लागत असेल, तर विचारूच नका.

खरी गंमत नळी कापल्यावर दिसते. आत तपकिरी गाठी असतात. वरचं कवच कडक, आत काळा ओला गाळ, आणि तो खरवडला की खाली खोल खड्डा. ऑक्सिजन खर्च होतो गाठीबाहेरच्या उघड्या पृष्ठभागावर. लोखंड मात्र विरघळतं गाठीखाली, जिथे ऑक्सिजन पोचतच नाही. पाण्यातले क्लोराइड आत ओढले जातात, तिथलं पाणी आम्लधर्मी होतं आणि खड्डा आणखी खोल जातो. बाकी नळी शाबूत असते, त्यामुळे सरासरी जाडी मोजून काहीच कळत नाही.

वाफेच्या बॉयलरमध्ये म्हणून पाणी आधी डीएरेटरमधून, म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा काढणाऱ्या यंत्रातून, जातं. तिथे ऑक्सिजन लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली येतो. उरलासुरला ऑक्सिजन सोडियम सल्फाइट हे रसायन टिपून घेतं. वजनाने एक भाग ऑक्सिजनला ते जवळपास आठ भाग लागतं. मग तापलेल्या स्टीलवर मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्याच एका ऑक्साइडचा, काळा, घट्ट थर बसतो आणि तोच धातूला सांभाळतो.

आणि तरीही काही वीजकेंद्रांत पाण्यात मुद्दाम थोडा ऑक्सिजन सोडतात. वेगाने वाहणाऱ्या गरम पाण्यात मॅग्नेटाइट हळूहळू विरघळून नळी पातळ होते. ऑक्सिजनमुळे त्यावर कमी विरघळणारा लालसर थर बसतो. अट एकच, पाणी अतिशय शुद्ध हवं. क्लोराइड शिरलं, तर तोच ऑक्सिजन पुन्हा खड्डे पाडू लागतो.