चौदाव्या दिवशी दार वाजवा

(एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधीच सांगतो, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, कीर्तनकारही नाही. नगरपालिकेत कारकून होतो. नोकरीची शेवटची १९ वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे काढली. आपल्याकडे मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दवाखान्यात माणूस गेला तर दवाखाना कळवतो, घरी गेला तर घरच्यांनी यायचं. दाखला न्यायला मात्र दोन्हीकडचे येतात. म्हणजे गावातलं दुःख ताजं असतानाच माझ्यासमोर येऊन उभं राहायचं, हातात आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन. मी जे बोलणार आहे ते या खिडकीतून दिसलेलं आहे, आणि थोडं घरात भोगलेलं.

त्या खिडकीत मला पहिला धडा एका बाईनं दिला. तिशी-पस्तिशीची असेल. फॉर्म भरून घेताना मी सवयीनं विचारलं, "नाव काय होतं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "होतं कशाला? माणूस गेलाय, नाव आहे की अजून." मी खाली मान घालून लिहिलं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी "नाव काय?" एवढंच विचारत आलो. एक शब्द गाळायचा, बाकी काही नाही. पण समोरच्याचा चेहरा किंचित सैल व्हायचा, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

दुसरं म्हणजे वय. जुन्या माणसांची जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते. मग सुरू व्हायचं, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमचे आबा दुसरीत होते, शाळेची भिंत पडली म्हणून आठवडाभर सुट्टी, मग ते मामाकडे गेले..." मला लिहायचा असायचा एक आकडा. पण वयाचं निमित्त मिळालं की माणूस आख्खं आयुष्य सांगायचा. मागे रांग कुरकुरायची. मी पेन झटकल्याचं नाटक करत दोन मिनिटं काढून द्यायचो. नंतर लक्षात आलं की घरी येणारे सगळे फक्त शेवटच्या दिवसाचं विचारतात. झटका कधी आला, कुठल्या डॉक्टरांकडे नेलं, किती खर्च आला. तो माणूस दुसरीत असताना काय झालं, हे कुणीच विचारत नाही.

आता आपल्या तेरा दिवसांबद्दल. मी फारसा कर्मकांड मानणारा नाही, पण ज्यानं कुणी हे बसवलं त्याला माणूस कळत होता. पहिल्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. गावाकडं सोयरे कडू घास घेऊन येतात, बळंच दोन घास भरवतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला घाटावर जायचं, मग बारावा, तेरावा, गोडाचं जेवण, दुखवटा काढणं. जाती-धर्माप्रमाणे तपशील बदलतात. आमच्या मुसलमान शेजाऱ्यांकडे तीन दिवसांचा शोक, बौद्ध बांधवांकडे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. पण सगळीकडे सूत्र एकच आहे: रिकाम्या हातांना काम द्यायचं आणि घर रिकामं राहू द्यायचं नाही.

दहाव्याचा कावळा घ्या. पिंड ठेवला, कावळा येईना, की जमलेल्यांमध्ये चलबिचल सुरू होते. मग कुणीतरी पुढं होऊन मोठ्यानं म्हणतं, "दादा, धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत." दुसरा म्हणतो, "वहिनींना काही कमी पडू देणार नाही." कधी लगेच शिवतो, कधी तास घेतो, अगदीच नाही आला तर दर्भाचा कावळा करतात. कावळ्याला काय कळतं हा वाद मी घालणार नाही. पण चार गावच्या माणसांसमोर, मेलेल्याचं नाव घेऊन दिलेला तो शब्द असतो, आणि ज्या बाईसाठी तो दिला जातो ती घरी बसून ऐकत नसली तरी संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर जातो. माझी तक्रार पुढची आहे. सहा महिन्यांनी तीच बाई दाखल्याची जादा प्रत मागायला माझ्या खिडकीत यायची, आणि एकटी यायची.

कारण चौदावा दिवस. मांडव निघतो, सतरंज्या परत जातात, मुलगी सासरी, मुलगा नोकरीच्या गावी. तेरा दिवस चहाची आधणं उतरत नव्हती त्या घरात एक कप चहा होतो. तोही दोन कप ठेवला जातो आणि मग आठवतं. खरं दुःख या दिवशी घरात राहायला येतं, आणि नेमकं त्याच दिवसापासून आपण सगळे जायचं थांबतो. आपल्याकडची रीत बघा, सुतकाच्या घरातून निघताना "येतो" म्हणायचं नसतं, घरच्यांनीही "या" म्हणायचं नसतं. रीत ठीक आहे, अशा कारणासाठी परत यायची वेळ नको, एवढाच तिचा अर्थ. आपण ती जरा जास्तच पाळतो.

शहाण्या लोकांनी यावर पुष्कळ विचार केलाय. दुःखाच्या पाच पायऱ्या तुम्ही ऐकल्या असतील: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी त्या १९६९ साली मांडल्या. पण मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. नंतर त्या सगळ्यांनाच चिकटवल्या गेल्या. त्यामुळे काय होतं, की एखादी सून म्हणते, "मला राग कसा येत नाही? माझं काही चुकतंय का?" काही चुकत नाही, बाई. मला पटतं ते १९९९ साली स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी मांडलेलं. त्यांचं म्हणणं, माणूस झोका घेत असतो. एकदा दुःखाकडे, एकदा रोजच्या व्यवहाराकडे, पुन्हा दुःखाकडे. सकाळी फोटोसमोर रडलेली मुलगी दुपारी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघून हसते. आत्याबाई लगेच डोळे वटारतात, "बाप जाऊन आठ दिवस नाही झाले!" आत्याबाई, तो झोका आहे. तो अडवू नका, दोन्ही बाजूंना जाऊ द्या.

मग भेटायला गेल्यावर बोलायचं काय? सोपं आहे, थोडंच बोलायचं. "सुटले बिचारे" हे घरच्यांनी म्हणावं, आपण नाही. "देवाला चांगली माणसं लवकर लागतात" हे तर कुणीच म्हणू नये, समोर नव्वदीची सासू बसलेली असते. "रडू नकोस, मुलांकडे बघ" म्हणणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, मुलांकडे बघूनच तर रडू येतंय ना तिला? आणि पुरुषांना तर रडायची मुभाच नाही, त्यांच्या हातात लगेच मांडववाल्याचं बिल देतात.

सर्वांत निरुपयोगी वाक्य म्हणजे, "काही लागलं तर हक्कानं सांगा." मनापासून म्हणतो आपण, पण आजवर कुणी कुणाला सांगितलेलं नाही. काय लागणार हेच ज्याला कळत नाही तो सांगणार काय? त्याऐवजी काम नेमून घ्या. "बुधवारी अकराला तलाठ्याकडे जाऊ, वारसनोंदीचा अर्ज देऊन येऊ, गाडी मी काढतो." किंवा "गॅसचं पुस्तक आणि लाइटबिल काढून ठेवा, नावं बदलायचं मी बघतो." आता जुना कारकून म्हणून एक फुकटचा सल्ला. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा, आणि घेताना नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळवा. 'विठ्ठल'चा 'विठल' झाला की विम्याच्या कचेरीत सहा हेलपाटे, आणि प्रत्येक हेलपाट्यात त्या बाईला पहिल्यापासून सांगावं लागतं, नवरा कधी गेला, कसा गेला. ते अक्षर तुम्ही तपासलंत तर तुम्ही तिला सहा वेळा वाचवलंत.

ज्यांच्याकडे आपण जातच नाही अशी काही घरं असतात. पोटातलं मूल गेलेली बाई. तिला ना दहावा, ना फोटो, ना भेटायला येणारी माणसं, उलट "अजून वय आहे तुझं" हे ऐकायचं. ज्या घरात कुणी स्वतःचा जीव घेतला ते घर. माझ्या खिडकीत ही माणसं आवाज खाली आणून बोलायची, जणू गुन्हा त्यांनीच केलाय. तिथं कारण विचारायला जाऊ नका, पण जा. लहान मुलांना आपण शेजारी पाठवतो आणि सांगतो, "आजोबा देवाघरी गेलेत." मग पोरगं रोज विचारतं, कधी येणार. मेले म्हणजे आता येणार नाहीत, हे जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगितलेलं त्याला झेपतं, खोटं झेपत नाही. आणि विधवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. आता तुम्ही म्हणाल, याचा सांत्वनाशी काय संबंध? ज्या दिवशी माणूस जातो त्याच दिवशी चारचौघींनी मिळून तिचे हात ओढायचे, याला सांत्वन म्हणत असतील तर मग माझं बोलणं इथंच थांबवतो.

एक गंभीर गोष्ट. बहुतेकांचा झोका हळूहळू संथ होतो. काहींचा होत नाही. सहा महिने, वर्ष उलटलं तरी माणूस पहिल्या दिवसात अडकून राहतो, जेवण-झोप नाही, जगण्यात अर्थ नाही म्हणतो. याला आता वैद्यकशास्त्रातही स्वतंत्र नाव मिळालंय, दीर्घकाळ लांबलेला शोक. तिथं आपली पिठल्याची वाटी पुरत नाही, डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं तर वर्षाची वाट बघू नका, त्याच क्षणी त्याच्याजवळ बसा आणि नंबर लावा.

आता घरचं. सात वर्षांपूर्वी आमची ही गेली. दाखला काढायला मी माझ्याच जुन्या खिडकीत गेलो. तिथं आता एक तरुण मुलगा बसतो. त्यानं फॉर्म पुढे केला आणि मला तिच्या वडिलांचं नाव आठवेना. त्रेचाळीस वर्षं ज्यांना मामा म्हणत आलो त्यांचं नाव. माझ्या मागची रांग कुरकुरू लागली, आणि तो मुलगा पेन झटकत बसला.

तेरावा झाला, मुलं गेली. चौदाव्या दिवशी सकाळी सव्वासहाला दार वाजलं. समोरच्या वाड्यातले, एसटीतून निवृत्त झालेले चालक. आमचं बोलणं तोवर पाणी आलं का एवढ्यापुरतंच. म्हणाले, "साहेब, चप्पल घाला, घाटापर्यंत जाऊन येऊ." मी नको म्हणालो. ते पायरीवर बसले. म्हणाले, "मी थांबतो." दहा मिनिटांनी मी चप्पल घातली. जाताना एक अक्षर बोलले नाहीत. येताना वाटेत एकदम म्हणाले, "वहिनींची लसणाची चटणी मी एकदा डब्यात बेळगाव गाडीला नेली होती. कंडक्टरनं सगळी संपवली." मी त्या दिवसांत पहिल्यांदा हसलो, आणि तिथंच कठड्याला धरून रडलो. ते नदीकडे तोंड करून उभे राहिले. माझं झाल्यावर मला दारापर्यंत सोडलं, फाटकाची कडी लावली आणि म्हणाले, "येतो उद्या."