फेब्रुवारी: कालगणनेचा भुर्दंड भरणारा महिना

स्वीडनमध्ये १७१२ साली फेब्रुवारीच्या २९ तारखेनंतर ३० तारीख उजाडली होती. ज्युलियस सीझरच्या जुन्या ज्युलियन पद्धतीतून पोप ग्रेगरीच्या सुधारित ग्रेगोरियन पद्धतीकडे हळूहळू सरकण्याच्या इराद्याने त्या देशाने १७०० सालचा लीप दिवस गाळला. मात्र १७०४ आणि १७०८ मध्ये तो गाळायचा राहून गेला आणि स्वीडनची तारीख शेजाऱ्यांपैकी कोणाशीच जुळेना. अखेर राजा बाराव्या चार्ल्सने जुन्या पद्धतीकडे परतण्यासाठी गाळलेला दिवस फेब्रुवारीत परत घातला. कालगणनेतली चूक बहुधा याच महिन्याच्या माथी मारली जाते, आणि ही रीत रोमनांपासूनची आहे.

रोमन परंपरेनुसार मूळ वर्ष मार्चपासून सुरू होणारे, दहा महिन्यांचे होते. राजा नुमा पॉम्पिलियसने त्याला जानेवारी आणि फेब्रुवारीची जोड दिली, असे मानले जाते. पैकी दुसऱ्याला ‘फेब्रुआ’ या शुद्धिविधींवरून नाव मिळाले. सम संख्या अशुभ मानणाऱ्या रोमनांनी इतर महिन्यांना २९ किंवा ३१ दिवस दिले. पण बारा विषम संख्यांची बेरीज त्यांच्या वर्षाच्या ३५५ दिवसांइतकी होणे शक्यच नसल्याने एका महिन्याच्या वाट्याला सम संख्या येणे भाग होते, आणि शुद्धीच्या व पितरांच्या स्मरणाच्या या महिन्याला २८ दिवसांवर समाधान मानावे लागले. तरीही ऋतूंशी मेळ बसेना, म्हणून काही वर्षी फेब्रुवारी मध्येच तोडून अधिक महिना घातला जाई. तो घालायचा की नाही हे पुरोहित ठरवत, आणि कोणाची सत्तेची मुदत वाढवायची व कोणाची आखडायची, याचाही विचार त्यात होत असे.

हा घोळ निस्तरण्यासाठी ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे केले. पुढे लीप दिवसही फेब्रुवारीतच आला. मात्र २९ तारीख म्हणून नव्हे, तर २४ तारीखच दोनदा मोजून. ऑगस्टस सम्राटाने आपल्या महिन्यासाठी फेब्रुवारीचा एक दिवस पळवला, ही कथा मात्र मध्ययुगात रचलेली आहे; ती अजूनही बिनदिक्कत सांगितली जाते.

ज्युलियन वर्षही सुमारे ११ मिनिटांनी मोठेच होते. ते सुधारण्याविषयी खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचे मत विचारले गेले तेव्हा, वर्षाची लांबीच अजून नीट मोजलेली नाही, अशी त्याची भूमिका होती. कालगणना सुधारण्याचे पोप तेराव्या ग्रेगरीचे फर्मान निघाले ते २४ फेब्रुवारी १५८२ रोजी. कात्री मात्र या खेपेस ऑक्टोबरला लागली आणि त्याचे दहा दिवस गेले. रशियात ही पाळी १९१८ साली आली, आणि तीही फेब्रुवारीवरच: ३१ जानेवारीनंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी ठरला.

या महिन्याचे रत्न अ‍ॅमेथिस्ट. क्वार्ट्‌झमधल्या लोहाच्या अंशावर नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम होऊन त्याला जांभळी छटा येते. जन्मरत्नांची आजची प्रचलित यादी मात्र अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ साली ठरवली, त्यामुळे तिच्या प्राचीनतेविषयी फारसे बोलू नये हेच बरे. फुले दोन: व्हायोलेट आणि प्रिमरोझ.

कोपर्निकस आणि गॅलिलिओ हे दोघेही फेब्रुवारीतच जन्मले, तर चार्ल्स डार्विन आणि अब्राहम लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ या एकाच दिवशी झाला. १८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉम्बॉ यांना छायाचित्रांच्या तुलनेतून प्लूटो सापडला.

ग्रेगोरियन नियमाची झळ मोरारजी देसाई यांनाही लागली. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात नसल्याने १९०० साली लीप दिवस आला नाही, आणि त्यांच्या जन्मतारखेला पुन्हा उगवायला १९०४ साल लागले.